संगणकाचा पडदा आणि कामगाराचे डोळे



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून जातात. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला आणि त्याबरोबर आमची शाळाही थांबली. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि विरार गाडीच्या गर्दीत. म्हणून आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. ज्याने आयुष्य द्वारसभा घेण्यात आणि मालकांशी हुज्जत घालण्यात घालविले, त्याने संगणकाच्या पडद्यावरील रंगांविषयी काय बोलावे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही एका चुकीची हकीकत सांगून देणार आहोत. चूक आमचीच आहे.

वसईच्या पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूंना कारखान्यांचे गाळे किती दाटीने उभे आहेत हे आपणांस ठाऊक आहे. त्यांतल्याच एका कारखान्यात आमचे एक सभासद स्टोअरमध्ये कारकून होते. त्यांचे नाव सांगत नाही, कारखान्याचेही नाही. बरीच वर्षे त्यांनी मालाची आवक-जावक जाड वहीत लिहिली. कधी बोल लागला नाही. मग वही गेली आणि टेबलावर संगणक आला. त्यावरही काही वर्षे काम नीट चालले. पुढे कंपनीने नवा प्रोग्राम घेतला. जुन्यात अक्षरे काळी ठसठशीत होती. नव्यात पांढऱ्या पडद्यावर फिकट राखाडी. दिसावयास मोठी सुबक. त्याच सुमारास या गृहस्थांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. सहा महिन्यांत त्यांच्या हातून तीन चलने चुकली. एकदा इंग्रजी तिनाचा आठ झाला आणि तेहेतीस पेट्यांच्या जागी अडतीस रवाना झाल्या. पहिला मेमो आला, दुसरा आला. मग कंपनीने गोड भाषेत सुचविले की, आता त्यांनी हिशेब घ्यावा हे बरे.

ते आमच्याकडे आले. म्हणाले, ‘भाऊ, मला अक्षर दिसतं, पण लागत नाही.’

आम्ही त्यांचे डॉक्टरांचे कागद पाहिले आणि दोन रकमा मांडून म्हणालो, ‘वय झालं, डोळे थकले. कंपनी बरा हिशेब देत असेल तर घ्या आणि घरी बसा.’ एवढेच नव्हे, तर तडजोडीचा मसुदाही आम्हीच आमच्या हाताने लिहून काढला. मालकाने जे बोलावे तेच आम्ही बोललो, आणि ते आमच्या ध्यानातही आले नाही.

मसुद्यावर सही घ्यावयास आम्ही स्टोअरमध्ये गेलो. शेजारच्या हिशेबखात्यातली एक शिकाऊ मुलगी काही कागद घेऊन आली होती. तिने आमचे बोलणे ऐकले आणि भीतभीत विचारले, ‘काका, पडदा काळा करून बघू का?’ तिने कळफलकावरची तीन बटणे एकदम दाबली. पडद्यावर एक प्रश्न उमटला. तिने होकार दिला. क्षणात सगळा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी, पिवळी अक्षरे उभी राहिली. त्या गृहस्थांनी चष्मा सारखा केला, खुर्ची पुढे ओढली, आणि एक अख्खे चलन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचून दाखविले. स्टोअरमध्ये कोणी काही बोलले नाही. मसुदा आमच्या खिशात होता. तो आम्ही तिथेच फाडला.

त्या रात्री आम्हांला वडिलांची आठवण झाली. ते साचेवाले. पांढऱ्या कापडावर पांढरा धागा तुटला की तो शोधणे म्हणजे डोळ्यांची कसोटी. उतारवयात ते साचा थांबवीत, डोक्यावरची काळी टोपी काढीत आणि धाग्यामागे धरीत. धागा लगेच उठून दिसे. आपल्या घरोघरी आजीबाईसुद्धा पांढरा दोरा सुईत ओवताना मागे काळा पदर धरतात. त्या मुलीने जे केले ते हेच होते. गिरणीतल्या टोपीची युक्ती आम्ही डोळ्यांनी पाहिलेली, तरी संगणकासमोर ती आम्हांला सुचली नाही. कारण संगणक म्हटला की तो आहे तसाच असणार, बदलावे ते माणसाने, असे आपण मनाशी धरून चाललो आहोत. आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, हे गृहीतच खोटे आहे. कामगाराच्या डोळ्यांपुढचा पडदा ही त्याच्या कामाची परिस्थिती आहे. गाळ्यातली हवा, उजेड आणि प्यावयाचे पाणी जसे असते तशी.

आता थोडे शास्त्र पाहू. या गोष्टीला इंग्रजीत कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि मराठी माणूसही आता तोच शब्द वापरतो. छापखान्यातले आणि रंगकाम करणारे लोक त्याला उठाव म्हणतात. आमच्यासारख्याला तो शब्द अधिक आवडावा हे स्वाभाविकच आहे! अक्षर आणि त्यामागची जागा यांच्या उजळपणात जितके अंतर जास्त, तितका अक्षराला उठाव जास्त.

हे अंतर मोजता येते. वेबची मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने २००८ साली जो नियमसंच प्रसिद्ध केला, त्यात त्याचे गणित दिलेले आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची असली तर प्रमाण एकास एक. म्हणजे काहीच दिसणार नाही. शुभ्र पडद्यावर पूर्ण काळे अक्षर असेल तर प्रमाण एकवीसास एक. याहून अधिक शक्य नाही. साध्या आकाराच्या मजकुराला निदान साडेचारास एक आणि मोठ्या ठळक अक्षरांना तीनास एक एवढे प्रमाण हवे, असा तो दंडक आहे. आणि ज्यांची दृष्टी अधिक मंद त्यांच्यासाठी सातास एक. आमच्या सभासदाच्या प्रोग्राममधला राखाडी रंग त्या मुलीने मागाहून मोजून पाहिला. प्रमाण तीनाच्याही खाली होते. म्हणजे निरोगी डोळ्यालाही ते अक्षर कमीच उठावाचे होते. निरोगी डोळा ती उणीव भरून काढतो आणि म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही, एवढेच.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपण रोज पाहतो. वसई रोड, नालासोपारा, विरार या स्थानकांच्या फलाटांच्या टोकाशी मोठ्या पिवळ्या पाट्या उभ्या असतात आणि त्यांवर काळ्या अक्षरांत स्थानकाचे नाव असते. धावत्या गाडीतून, पावसात, संधिप्रकाशातही ते वाचता यावे ही त्यामागची दृष्टी. पडद्यावरचा शुद्ध पिवळा आणि काळा घेतला तर त्यांचे प्रमाण साडेएकोणीसास एक भरते. तोच पिवळा पांढऱ्यावर लिहिला तर प्रमाण जेमतेम एकास एक, म्हणजे अक्षर नाहीसेच. रंग तोच आहे. शेजार बदलला की त्याचे नशीब बदलते. माणसांचेही पुष्कळदा असेच असते.

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर जो तक्ता असतो, त्यावर पांढऱ्या जागेवर काळीभोर अक्षरे असतात आणि ती खाली खाली लहान होत जातात. त्या तक्त्याने डोळ्याला किती बारीक दिसते हे कळते. किती फिकट दिसते हे कळत नाही. त्यासाठी पेली आणि रॉब्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९८८ साली वेगळा तक्ता तयार केला. त्यात सगळी अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असतात आणि तीन-तीनांच्या गटाने फिकट होत जातात. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाने पडद्याला झालेली इजा, किंवा नुसते वाढते वय, यांमुळे फिकट पाहण्याची ही शक्ती घटते. असा माणूस पहिल्या तक्त्यावर जवळजवळ पास होतो आणि कामावर नापास ठरतो. मग सगळे म्हणतात, याला दिसते तर सगळे, हा टाळाटाळ करतो आहे. आमच्या सभासदाविषयीही असेच म्हटले गेले होते.

आपल्या लिपीसंबंधी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मराठीत अर्थ पुष्कळदा एका ठिपक्यावर किंवा बारीक रेषेवर टांगलेला असतो. अक्षर फिकट झाले की प्रथम जातात ते अनुस्वार, रफार, उकार आणि शिरोरेषेतल्या फटी. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांतला भेद डोक्यावरच्या एवढ्याशा गाठीचा किंवा फटीचा. ब आणि व, ष आणि प यांत तर पोटातल्या एका तिरप्या रेघेचाच फरक. ती रेघ पुसट झाली की ‘बात’ची ‘वात’ होते, अनुस्वार गेला की ‘मंद’चा ‘मद’ होतो. म्हणून आमचे मत असे की, मराठी मजकुराला साडेचाराचा दंडक ही किमान पायरी समजावी आणि सातावर नजर ठेवावी.

आता त्या तीन बटणांविषयी. कळफलकाच्या डाव्या बाजूचे आल्ट, डाव्या बाजूचे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे एकत्र दाबली की विंडोज संगणकावर हाय कॉन्ट्रास्टची सोय सुरू होते. पुन्हा दाबली की बंद होते. ही सोय १९९५ सालच्या विंडोजमध्येही होती. तीस वर्षे ही गोष्ट आमच्या टेबलावर, आमच्या बोटांखाली होती आणि आम्हांला कोणी सांगितली नाही. विंडोज ११ मध्ये तिला कॉन्ट्रास्ट थीम म्हणतात आणि चार तयार नमुने मिळतात. विंडोजचे बटण आणि यू ही दोन एकत्र दाबली की ते सारे जिथे आहे ते पान उघडते. आपल्यापैकी पुष्कळांजवळ संगणक नसेल, पण मोबाईल आहे. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी या सदरात हाय कॉन्ट्रास्ट अक्षरांची सोय असते. आयफोनवर त्याच सदरात कॉन्ट्रास्ट वाढविता येतो. याला पैसा पडत नाही.

परंतु यावरून कोणी असे समजू नये की, काळा पडदा म्हणजे रामबाण औषध. काही डोळ्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी, वलय आल्यासारखी दिसतात. त्यांना पांढऱ्यावर काळेच बरे. त्या चार नमुन्यांतही एक उजळ पार्श्वभूमीचा आहे तो यासाठीच. तसेच, हल्ली तरुण मुले हौसेने जो डार्क मोड लावतात तो निराळा. त्यात काळपट जागेवर राखाडी अक्षरे असू शकतात आणि त्यांना उठाव असेलच असे नाही. सारांश, निवड त्या माणसाच्या हाती असली पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ही सोय करते काय, तर प्रोग्रामने ठरविलेले रंग बाजूला सारून आपण निवडलेले थोडे ठळक रंग लावते. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने अक्षर अक्षर म्हणून न लिहिता चित्र म्हणून डकविले असेल, तर ते बदलत नाही. बटणाची कड नुसत्या सावलीने दाखविली असेल, तर सावलीबरोबर बटणही नाहीसे होते. आमच्या सभासदाच्या बाबतीत नेमके तसेच झाले. चलन वाचता येऊ लागले, पण ते जतन करण्याचे बटण काळ्यात बुडाले. मुलीने त्यांना ती जागा शिकविली आणि काही दिवस ते अंदाजाने बोट ठेवीत राहिले. अखेर आम्ही कंपनीला लेखी कळविले, कंपनीने प्रोग्रामवाल्याला कळविले, आणि काही आठवड्यांनी बटणाला पांढरी कड आली. तेव्हा हा लढा दोन ठिकाणी द्यावा लागतो. बटण दाबणे आपल्या हाती. पण ते दाबल्यावर सगळे नीट दिसेल असा प्रोग्राम करणे ही तयार करणाऱ्याची आणि विकत घेणाऱ्याची जबाबदारी.

ही जबाबदारी म्हणजे उपकार नव्हे. कायदा तिच्या बाजूला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात सतरावे कलम उजेडाचे होते. काम चालते तेथे पुरेसा उजेड हवा, खिडक्यांच्या काचा स्वच्छ हव्यात, आणि डोळ्यांवर ताण येईल अशी तिरीप किंवा सावली पडू नये, असे ते सांगत असे. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. उजेडाचा विषय तिच्यातही आहे. आम्ही विचारतो, जो कामगार आठ तास पडद्याकडे पाहतो त्याची खिडकी कोणती? पडदा हीच त्याची खिडकी, आणि त्यावरची फिकट अक्षरे ही तिच्यावरची धूळ.

२०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा अधिक स्पष्ट आहे. अंधांखेरीज ज्यांची दृष्टी अल्प आहे त्यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे, आणि मालकावर अवाजवी बोजा न पडता जो बदल करता येईल तो करणे, ही कल्पना त्यात आहे. रंग बदलावयाच्या तीन बटणांचा बोजा किती, हे आपणच ठरवा. खाजगी कारखान्यांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, आणि वीस किंवा अधिक माणसे जेथे कामाला आहेत तेथे त्या धोरणात दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत हे नमूद करावे लागते. आपल्या भागातल्या किती कारखान्यांत ते धोरण भिंतीवर लागलेले आहे, ते आपण जाऊन पाहावे.

सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नाकडे पाहिले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात, मोबाईल-संगणकावरील सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा दिला. बँक, तिकीट, पेन्शन सारेच पडद्यावर आल्यानंतर ज्याला पडदा वाचता येत नाही त्याच्या जगण्यात राहिले काय, असा त्याचा साधा अर्थ.

आता एक अडचण मोकळेपणाने सांगतो. कायद्यात अल्पदृष्टी कशाला म्हणावे याचे माप आहे. चष्मा लावून चांगल्या डोळ्याने सहा मीटरवरून जे दिसते ते निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसत असेल, तेथून पुढे ते सुरू होते. दृष्टीचा आवाका आक्रसला असेल तर त्याचेही माप आहे. पण फिकट पाहण्याची शक्ती गेलेले अनेकजण या मापात बसत नाहीत. त्यांना दाखला मिळत नाही. आणि ज्यांना मिळू शकेल तेही मागत नाहीत. का मागत नाहीत? भीतीने. आमच्या त्या सभासदाने काचबिंदूची गोष्ट पाच महिने कोणाला सांगितली नव्हती. घरी नाही, युनियनला नाही. तो पडद्याला नाक लावून वाचायचा आणि साहेब आला की मागे सरकायचा. डोळे अधू आहेत हे कळले की नोकरी गेली, अशी त्याची खात्री होती. आणि अखेर तो आमच्याजवळ बोलला तेव्हा आम्ही काय केले? त्याची भीती खरी करून दाखविली. हे आम्ही विसरू शकत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्यांच्या काळी ही मागणी चैनीची वाटत होती. माणूस यंत्राप्रमाणे अखंड चालत नाही, ही साधी गोष्ट मान्य व्हावयास वर्षे गेली. सगळ्यांचे डोळे एकसारखे नसतात, ही तेवढीच साधी गोष्ट आहे. ती मान्य व्हावयास तेवढी वर्षे लागू नयेत.

म्हणून तीन विनंत्या करून आम्ही थांबतो. पहिली, घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांचा मोबाईल हातात घ्या, कॉन्ट्रास्टची सोय चालू करा आणि त्यांना विचारा, आता अक्षर लागते का? नाही म्हणाले तर बंद करा, पण विचारा. दुसरी, आपल्यापैकी जे दुकानदार, कारखानदार, शाळाचालक आहेत त्यांनी नवा प्रोग्राम विकत घेण्यापूर्वी ती तीन बटणे दाबून पाहावीत. जे नाहीसे होईल ते विकणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावे आणि मगच पैसे मोजावेत. तिसरी विनंती कामगार बंधुभगिनींना. डोळ्यांची तक्रार लपवू नका. दाखला असो वा नसो, रंग बदलून मागण्याला लाज कसली? आणि तुम्ही सांगावयास आलात की ऐकून घेणे, लगेच हिशेबाचा कागद पुढे न करणे, हे आमच्यासारख्यांचे काम. ते आम्ही उशिरा शिकलो.

ते गृहस्थ आजही त्याच स्टोअरमध्ये आहेत. औषधाचे थेंब चालू आहेत. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलेच आहे. पण पडदा काळा आहे, अक्षरे पिवळी आहेत, आणि त्या दिवसापासून आजवर त्यांच्या हातून एकही चलन चुकलेले नाही. ती मुलगी आता दुसरीकडे कायम नोकरीला लागली. जाताना तिने स्टोअरच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावला आणि त्यावर त्या तीन बटणांची नावे लिहून ठेवली. पिवळ्या पुठ्ठ्यावर, काळ्या शाईने.